पेटीचं नाक

बोरखडीत कुणाला गुपित सांगायचं झालं तर आधी बजावत, "रमजानच्या पेटीगत तोंड मिटून ठेव बरं का." शाळेतली पोरंसुद्धा हे म्हणायची. रमजान कोण आणि पेटी कसली, हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नसायचं.

रमजान मुलाणीच्या कानावर ती म्हण पडली की तो मान खाली घालून पुढं चालू लागायचा. लाजायचा. पण ती त्याला आवडायचीही. त्याचा बाप मुलाणकी सांभाळून भांड्यांना कल्हई लावायचा. बाप गेल्यावर वर्षाच्या आत गाव त्याचं नाव विसरलं होतं. रमजानचं नाव मात्र तो जिवंत असतानाच लोकांच्या बोलण्यात रुजलं होतं.

सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते त्या पट्ट्यात, कृष्णेच्या काठावर हे गाव. रमजानचं काम केबल जोडायचं. विहिरीतली मोटर, नदीवरचा पंप, साखर कारखान्यातला उसाचा पट्टा, तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडमधले पंखे, जिथं एक केबल संपते आणि दुसरी सुरू होते तिथं एक लोखंडी पेटी बसवलेली असते. तिच्यात पाणी जाऊ नये, धूळ जाऊ नये, मुंगी जाऊ नये, एवढं बघायचं. एवढंच काम त्यानं चाळीस वर्षं केलं.

त्याची काम करायची रीत ठरलेली होती. आधी कपाळाला कोरडं फडकं घट्ट बांधायचं. पेटी उघडी असताना जोडणाऱ्याच्या घामाचा एक थेंब जरी आत पडला तरी जोड नासतो, असं तो मानायचा. मग बोलणं बंद. केबल पेटीत शिरते तिथला पितळी गळा आवळायचा, झाकणाखाली रबरी पॅकिंग बसवायचं, चारही बोल्ट समोरासमोर थोडे थोडे पिळायचे. एक कोपरा आधी आवळला की समोरचा तोंड वासतो, म्हणून घाई करायची नाही. शेवटी झाकणावर ॲल्युमिनियमची एक चिमुकली पट्टी अडकवायची. तिच्यावर 'र. मु.' आणि तारीख ठोकलेली असायची. काम संपल्यावर तो पेटीवरून हात फिरवायचा, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

नदीवरच्या पंपघराचा ऑपरेटर बिरदेव त्याची टिंगल करायचा. "भाई, तुमी जोडाची सगळी कामं रोज्यात काढत जावा. थुंकी न्हाई, घाम न्हाई, चहा मागणं न्हाई. संस्थेचा लय फायदा हुईल."

"आन् तू बारा महिने रोजा धर," रमजान म्हणायचा. "गावाचा फायदा हुईल."

बिरदेव तेव्हा प्यायचा. बारा-तेरा वर्षांनी धाकटा, धनगराच्या घरचा, उंच आणि बडबड्या. गावच्या पाणीपुरवठा संस्थेनं नदीचं पाणी उचलून माथ्यावरच्या उसाला न्यायची योजना केली तेव्हापासून तो पंपघरावर होता. रमजान पेटी उघडायचा आणि बिरदेव बॅटरी धरायचा, असं वीस वर्षं चाललं. थोरल्या मुलीचं, क्रांतीचं लग्न ठरलं तेव्हा बिरदेवनं बिरोबाच्या पायावर हात ठेवून दारू सोडली. गाव म्हणालं, बघू किती दिवस. दोन वर्षं झाली तरी गाव तेच म्हणत होतं.

रमजान हे काम शिकला कोयनानगरला. वयाच्या विशीत तो तिथं एका ठेकेदाराकडं लागला होता. नानासो नावाचा एक बुटका, खोकणारा जोडारी त्याचा उस्ताद. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात काम चालायचं. तिथं भिंतींना घाम यायचा. पहिल्याच महिन्यात रमजाननं एक पेटी इतकी घट्ट बसवली की नानासो बघतच राहिला. मग त्यानं पेटीच्या बुडाला बोट लावून विचारलं, "हितलं भोक कुठाय?"

"बुजवलं. पाणी शिरंल की त्यातनं."

नानासोनं त्याच्या टाळक्यात टपली मारली. "पाणी भायेरनं येतं आसं वाटतंय तुला. पाणी हवेतनं येतं गड्या. दिवसा पेटी तापती, रात्री गार हुती. गार झाली की तिला आतनं घाम फुटतो. त्यो घाम जायाला खाली वाट नसली की पेटी हळूहळू भरती. लोखंडाला झालं तरी नाक पायजे. नाक बुजवलेली पेटी उघड्या पेटीपेक्षा वाईट, कारण उघडीला माणूस भिऊन तरी आसतो."

तेव्हापासून रमजाननं एकाही पेटीचं नाक बुजवलं नाही. बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, त्यात मुंगी शिरू नये म्हणून पितळी जाळीचा तुकडा. लोकांना ते भोक दिसायचंही नाही. त्यांना फक्त कोरडी पेटी दिसायची.

मग एकोणीस सालचा पूर आला.

नदीचं पाणी पंपघराच्या छपरावरून गेलं. माथ्यावर जाणाऱ्या वाटेवरचं मधलं पंपघरही निम्मं बुडालं. पाणी ओसरल्यावर काठच्या सगळ्या पेट्या उघडल्या तर आत गाळ. नुसता काळा, बोटभर जाडीचा गाळ, त्यात एका मेलेल्या गोगलगाईचा शंख. ते बघायला निम्मं गाव आलं होतं. संस्थेचे चेअरमन लालासाहेब छत्री टेकून उभे होते.

"काय हो रमजानभाई," ते म्हणाले, "आमाला वाटलं पेटी हाय. ही तर मनुबाईची घागर निघाली."

मनुबाई म्हणजे बिरदेवची बायको. ती तिथंच गाळ उपसत होती. ती हसली, सगळे हसले. लालासाहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांचा स्वतःचा अकरा एकर ऊस आडवा झाला होता, माणूस अशा वेळी काहीतरी बोलून मोकळा होतो. पण रमजानच्या कानाच्या पाळ्या तापल्या. छपरावरून नदी गेली तर कुठली पेटी टिकते, हे त्याला सांगता आलं असतं. सांगता आलं नाही. अशा वेळी त्याची जीभ टाळूला चिकटायची, जन्मभर तसंच झालं.

पुढच्या दीड महिन्यात त्यानं पट्ट्यातल्या अकरा पेट्या नव्यानं बसवल्या. त्यातल्या दोन संस्थेच्या, बाकीच्या बागायतदारांच्या. आणि अकराही पेट्यांचं नाक बुजवलं. भोकात पितळी स्क्रू पिळला, वरून खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली, लांबीवर काळा रंग दिला.

नदीवरच्या पंपघराची पेटी करताना बॅटरी धरून बिरदेवच उभा होता. "भाई," तो म्हणाला, "ह्याचं नाक बुजवलं व्हय?"

"पूर आला की नाकातनंच पाणी शिरतंय. माणूसबी नाकानंच बुडतो."

"पर तुमीच म्हणायचा..."

"बॅटरी नीट धर."

तेवढंच बोलणं झालं. त्यानं झाकणावर पट्टी अडकवली, हात फिरवला आणि दोघं चहा प्यायला गेले. हे बोलणं रमजान पुढं विसरून गेला. मुद्दाम विसरला असं म्हणता येणार नाही. माणसाला जे नको असतं ते आपोआप मागं पडतं.

चौथ्या वर्षीच्या फाल्गुनात बिरदेव त्याच्या दारात आला. आला म्हणजे उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. घाईत होता.

"भाई, नदीवरच्या पेटीला हात लावला की मुंग्या येत्यात."

"कसल्या मुंग्या?"

"हाताला. झिणझिण्या. एकदा येऊन बघा की."

रमजान दुसऱ्या दिवशी तासगावला निघायच्या गडबडीत होता. बेदाण्याचा हंगाम सुरू होता, शेडवाल्यांचे फोनावर फोन चालले होते. "माझ्या पेटीचं काय न्हाई ते," तो म्हणाला. "अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आसंल. दोन बादल्या पाणी वत रोज."

"वततुय की. रोज वततुय."

"मग चार वत."

बिरदेव हसला. "तुमी म्हणताय तर चार वततो." आणि गेला.

खड्ड्यात पुरलेली अर्थिंगची पट्टी पुरानंतर गंजून निम्मी राहिली होती, हे संस्थेत सगळ्यांना माहीत होतं. तिथं चार काय चाळीस बादल्या ओतल्या असत्या तरी उपयोग नव्हता. पण पट्टीची गोष्ट नंतरची. पेटी कोरडी असती तर पट्टीची गरजच पडली नसती. हे रमजाननं पुढं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. पट्टीच्या आड लपायची सोय त्यानं स्वतःला ठेवली नाही.

बिरोबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या सुमाराला, बिरदेव पंप सुरू करून बाहेर आला आणि तोल सावरायला म्हणून त्यानं पेटीवर हात टेकला. पेटीनं त्याला धरलं. पंपघरावर पाण्याची पाळी विचारायला आलेल्या एका माणसानं ते बघितलं, आत पळत जाऊन मेन स्विचचा खटका पाडला, म्हणून जीव वाचला. सांगलीच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. तिसरं राहिलं, पण ते वाकायचं बंद झालं.

बाहेर बोभाटा नको म्हणून संस्थेनं गावातल्या गावात चौकशी करायचं ठरवलं. ऑफिसात सतरंजी टाकली होती. सगळे संचालक आले, रमजानलाही बोलावलं. बिरदेव हाताला पांढरं गुंडाळून भिंतीला टेकून बसला होता. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"बिरदेव," लालासाहेबांनी विचारलं, "आदल्या दिशी जत्रा हुती का न्हाई?"

"हुती."

"मटण हुतं का न्हाई?"

"हुतं."

"मग मटणासंगं काय ताक पिलास व्हय रं?"

लोक हसले.

"बिरोबाची आण, आबा. थेंब घेतला न्हाई. दोन वर्सं झाली. मी नुसता हात टेकला आन् पेटीनं धरलं."

"पेटीनं धरलं!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "रमजानच्या पेटीनं?"

आता सगळ्यांनी रमजानकडं बघितलं. बिरदेवनंही बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. वाट बघितल्यासारखं होतं ते, दारावर थाप मारून माणूस उभा राहतो तसं. पण कशाची वाट, हे रमजानच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या डोक्यात घागर होती, छत्री टेकून उभे असलेले लालासाहेब होते, हसणारं गाव होतं.

"माझ्या पेटीत पाणी जात न्हाई," तो म्हणाला.

एवढंच. वर्षभरात त्यानं चारचौघांत उच्चारलेलं ते एकच वाक्य असेल. आणि ते खरं म्हणूनच खपलं. पुढं काही विचारायचं राहिलंच नाही. बिरदेव नशेत होता, तोल गेला, भलत्या ठिकाणी हात घातला, असं वहीत लिहिलं गेलं. त्याच्या जागी लालासाहेबांचा पुतण्या जयराज ऑपरेटर म्हणून लागला. बिरदेवनं मान खाली घातली. उठताना त्याला एका हातानं जमिनीचा आधार घ्यावा लागला, तेव्हा रमजान दुसरीकडं बघत होता.

पंधरा दिवसांनी जयराज रमजानला बोलवायला आला. नवी जाड केबल टाकायची होती, जुनी पेटी उघडायला पाहिजे होती. रमजान गेला. जयराज मेन खटका पाडून, फ्यूज काढून, मोबाईल कानाला लावून नदीकडं निघून गेला. रमजाननं फडकं बांधलं. चारही बोल्ट समोरासमोर थोडे थोडे सैल केले. पॅकिंग अजून मऊ होतं, चार वर्षांत कुठंही चिरलं नव्हतं. ते बघून त्याला बरंही वाटलं. मग त्यानं झाकण उचललं.

आत पाणी होतं. स्वच्छ, शांत, तळ दिसेल असं. तांब्याभर तरी असेल. जोडाच्या खालच्या दोन टोकांना हिरवा गंज चढला होता आणि पाण्याची पातळी बरोबर त्यांना टेकली होती.

त्यानं बोट बुडवून नाकाशी धरलं. नदीच्या पाण्याला वास असतो, गाळ असतो. याला काहीच नव्हतं. हे हवेतलं पाणी. पंपघराबाहेर पश्चिमेच्या उन्हात लोखंड तापायचं, नदीवरच्या गारव्यात निवायचं आणि दररोज थेंबा-थेंबानं पेटीला घाम फुटायचा. पेटीत पाणी जात नव्हतंच. सभेत तो खोटं बोलला नव्हता. आत जमलेलं बाहेर पडायची वाट तेवढी त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती.

पुढं त्यानं जे केलं ते चाळीस वर्षांच्या हातांनी केलं. ओली पेटी समोर आली की जोडारी विचार करत नाही. त्यानं पेटी कलती करून पाणी ओतलं, कोरड्या कापसानं कोपरे पुसले, टोकं घासून लखलखीत केली, बुडाची लांबी खरवडून स्क्रू काढला, जाळी बसवली. नवी केबल जोडली, झाकण लावलं, बोल्ट पिळले. मग हात फिरवायला म्हणून तळवा पेटीवर ठेवला आणि तिथंच थांबला. नेमक्या त्याच जागी बिरदेवनं हात टेकला होता.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ते पाणी ही एकच साक्ष होती आणि ती त्यानं कापसानं पुसून टाकली होती. पायाजवळच्या मातीत ओल दिसत होती. बघता बघता तीही वाळली.

आठ दिवस तो घराबाहेर पडला नाही. बायको हमिदा विचारायची, "जेवन का जात न्हाई? दुखतंय कुठं?" तो म्हणायचा, "न्हाई." नवव्या दिवशी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि लालासाहेबांच्या घरी गेला. लालासाहेब पडवीत दाढी करत होते.

"आबा, पेटीत पाणी हुतं," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"नदीवरच्या. बिरदेव पिलेला नव्हता. माझी चूक झाली. मी नाक बुजवलं हुतं."

लालासाहेबांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. "कवा बघितलं?"

"नवी केबल टाकली तवा."

"मग पाणी कुठाय?"

"पुसलं."

"पुसलं?"

"सवयीनं."

लालासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग हसले. मायेनंच हसले. "रमजानभाई, मैतरासाठी खोटं बोलायचं तर जरा दमदार बोलावं माणसानं. जयराज तिथंच हुता, त्याला दिसलं का?"

"त्यो फोनवर बोलत हुता."

"ठराव झालाय. वही पुसायची का आता? आन् आवं, तुमच्या पेटीत पाणी हुतं म्हणून गावात सांगितलं तर लोक मलाच येड्यात काढतील."

रमजान तरीही उठला नाही. हे त्याच्या स्वभावात नव्हतं. "मधल्या पंपघरातलीबी तशीच केली हुती," तो म्हणाला. "तीबी भरली आसंल. सगळ्यांसमोर उघडतो. मग तर पटंल?"

"बरं," लालासाहेब पुन्हा आरशाकडं वळत म्हणाले. "तुमचं मन राखायचं म्हणून."

गुरुवारी सकाळी पाच संचालक मधल्या पंपघरात जमले. लालासाहेब आले. बिरदेवला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आला आणि दाराबाहेर उकिडवा बसला. त्याला आता शेळ्या राखाव्या लागत होत्या. दोन शेळ्या त्याच्या मागं बाभळीचा पाला ओरबाडत होत्या.

रमजाननं फडकं बांधलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं अल्लाजवळ मागितलं की आपली पेटी ओली निघू दे. तिसरा बोल्ट काढताना त्याच्या कपाळावरचं फडकं भिजलं. झाकण उचललं.

पेटी कोरडी ठणठणीत होती. चार वर्षांपूर्वी लावली तशी. पितळ झळकत होतं.

ही पेटी खोलीच्या आत, जाड दगडी भिंतीवर होती. तिला ऊन लागत नव्हतं, नदीची गार हवाही लागत नव्हती. मग तिला घाम कशाला फुटेल? हे साधं गणित त्याला आधी सुचायला हवं होतं. बाकीच्या नऊ पेट्या दुसऱ्यांच्या मळ्यांत. संस्थेच्या वहीशी त्यांचा काय संबंध?

एक म्हातारे संचालक पुढं झाले, वाकून आत बघितलं आणि मान डोलावली. "काय काम हाय बगा. पुरानंतर एक थेंब न्हाई."

"आन् म्हणं माझी चूक झाली," दुसरा म्हणाला. "बिरदेवसाठी सोताचं नाव खराब करायला निघाले हुते. आसा मैतर मिळायला नशीब लागतं."

"मोठं मन," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांनी रमजानच्या खांद्यावर हात ठेवला. मग दाराबाहेर बघून आवाज चढवून म्हणाले, "बिरदेव, बघ रं. ह्यांच्या पाया पड."

बिरदेव उठला. पाया पडला नाही. शेळ्या हाकत उताराला लागला.

रमजाननं कशीबशी पेटी मिटली. बुडाचा स्क्रू काढून जाळी बसवायला तो विसरला नाही. मग हत्यारांची पिशवी घेऊन भराभर चालत त्यानं बिरदेवला ओढ्याजवळ गाठलं. दोघं बरोबरीनं चालू लागले.

"तुमी नाक बुजवलं तवा बॅटरी मीच धरली हुती," बिरदेव म्हणाला.

रमजान थांबला. चार वर्षं मागं पडलेलं ते बोलणं पुढं येऊन उभं राहिलं, बॅटरीच्या उजेडासकट.

"मग सभेत का बोलला न्हाईस?"

"काय बोलणार? मी दारुडा, तुमी रमजान. कुणाचं खरं धरलं आसतं?" बिरदेवनं एका शेळीला हळूच काठी लावली. "मला वाटलं, तुमी बोलाल. मी तुमच्या तोंडाकडं बघत हुतो."

"मला याद नव्हतं रं. आल्लाची शपथ."

"नसंल. मला कुठं म्हणायचंय, हुतं म्हणून?" त्यानं उजवा हात वर करून कपाळ पुसलं. न वाकणारं बोट तसंच ताठ राहिलं. "पर मी चार बादल्या वतल्या, भाई. तुमी म्हणाला म्हणून रोज चार वतल्या."



उन्हाळाभर रमजान मळ्यामळ्यांत हिंडून उरलेल्या नऊ पेट्यांचे स्क्रू काढत राहिला. कुठं दोन पेले पाणी निघालं, कुठं नुसती ओल. एका मळ्यात त्यानं मालकाला हाक मारून पाणी दाखवलं आणि बोरखडीत येऊन सांगा म्हणून विनवलं. मालक म्हणाला, "आवं, निघालं न्हवं? झालं मग. कशाला उकरताय?" आणि चहा पाजला. त्यानंतर त्यानं कुणाला हाक मारली नाही. प्रत्येक पेटीवरून 'र. मु.' ची पट्टी मात्र तो कापून काढत गेला. लोकांनी त्याचाही अर्थ चांगलाच लावला. हजला जायचा विचार दिसतोय, म्हणाले. मोह सोडत चाललाय.

गावात ती म्हण अजून चालूच होती. उलट तिला आता एक शेपूट जोडलं गेलं होतं. दोस्ती कशी असावी हे सांगताना लोक रमजानचं उदाहरण द्यायचे, आणि दारू काय करते हे सांगताना बिरदेवचं. पुष्कळदा एकाच दमात.

मिरगाच्या आधी रमजाननं नदीवरच्या पेटीखाली, नाकाच्या बरोबर खाली, लोणच्याची एक छोटी काचेची बरणी तारेनं टांगली. पेटीवर पत्र्याची पडवी होती, तिथवर पाऊस येत नसे. तरी त्यानं बरणीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा पडदा केला. जयराजला सांगितलं, "ह्याला हात लावू नगंस." जयराजनं विचारलंही नाही कशाला.

दर शुक्रवारी नमाजानंतर तो नदीवर जाऊन बरणी बघायचा. उन्हाच्या दिवसांत एखादा थेंब पडलेला असला तरी तो येईपर्यंत वाळून जायचा. पावसाळ्यात बुडाला ओल दिसू लागली. दिवाळीनंतर थंडी पडली, दिवसा चटका आणि पहाटे नदीवर धुकं, तसं पाणी साठू लागलं. मार्गशीर्षात बरणीत दोन बोटं पाणी होतं.

ती बरणी फडक्यात गुंडाळून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांत धरून, तो दुपारी धनगरवाड्यावर गेला. मनुबाई अंगण सारवत होती. बिरदेव खांबाला टेकून दोरी वळत होता. डाव्या हातानं पीळ घालायचा आणि उजवा नुसता टेकवायचा, असं चाललं होतं.

रमजाननं फडकं सोडलं आणि बरणी त्याच्यापुढं ठेवली.

"त्याच पेटीतलं," तो म्हणाला. "सा महिन्यांचं."

बिरदेवनं दोरी बाजूला ठेवली. बरणी उचलून उन्हात धरली, हलवली. पाणी काचेवरून फिरून पुन्हा खाली बसलं. 

"आता दाखवू आबांना," रमजान म्हणाला. "आता तर हाय की पाणी."

"भाई," बिरदेव म्हणाला, "बरणीत पाणी हाय. हे पेटीतलं म्हणून कोण सांगणार?"

"मी सांगंन."

"तुमीच सांगणार." बिरदेव किंचित हसला. "आन् ते पुन्ना म्हणणार, मोठं मन."

मनुबाई हात धुऊन आली होती. तिनं दोघांकडं बघितलं, मग बरणीकडं. पुरात घागरीवरून झालेला विनोद तिच्या ध्यानात असेल की नसेल, कोण जाणे. ती म्हणाली, "ह्ये सभेत बोलायचं हुतं भाऊ. तवा पाणी लागलं नसतं. नुसता शबुद पुरला आसता."

तिच्या आवाजात राग नव्हता. सारवलेलं अंगण वाळायला किती वेळ लागतो हे सांगावं, तसं ती बोलली. तिनं नवऱ्याच्या हातातून बरणी घेतली, दारातल्या मिरचीच्या रोपाला ते पाणी घातलं, बरणी राखेनं घासली, धुतली आणि ओट्यावर पालथी घातली.

"च्या ठेवती," ती म्हणाली आणि आत गेली.

बिरदेवनं दोरी पुन्हा हातात घेतली. एक टोक रमजानकडं सरकवलं. रमजाननं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि बिरदेव पीळ घालू लागला. मिरचीच्या बुडाशी माती अजून ओली होती. चहा होईपर्यंत रमजान तिच्याकडं बघत राहिला. चहा आला तेव्हा ती वाळली होती.